२०० विरुद्ध ११७ : थेरेसा मे ज्या मतदानात वाचल्या त्याचं प्रकरण

१२ डिसेंबर २०१८, बुधवार, रात्रीचे नऊ. लंडनच्या संसदेतली कमिटी रूम १४. मतदान घेणारे सर ग्रॅहम ब्रेडी यांनी आधी एवढंच सांगितलं की संसदीय पक्षाचा, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या खासदारांचा, पंतप्रधान थेरेसा मे यांच्यावर विश्वास आहे, आणि खोलीत बाकं वाजायला लागली, आरोळ्या उठल्या. आकडे त्यांनी त्यानंतर वाचले. बाजूने २००, विरोधात ११७. जल्लोष आधी झाला आणि आकडे नंतर आले, आणि या प्रकरणातलं जवळपास सगळं महत्त्वाचं त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

हुजूर पक्षाच्या म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नियमाप्रमाणे त्या क्षणापासून पुढचं वर्षभर मे यांच्या नेतेपदाला पक्षातून कुणी आव्हान देऊ शकणार नव्हतं. वर्षभराचं कवच मिळालं होतं. आणि तरी १६३ दिवसांनी, २४ मे २०१९ ला, त्या डाउनिंग स्ट्रीटवर उभं राहून आपण कधी जाणार ती तारीख सांगत होत्या, आणि शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला.

हे प्रकरण मला पहिल्यापासून खूप शिकण्यासारखं वाटतं. पक्षांतर्गत मतदान म्हटलं की आपण सगळे जिंकला की हरला एवढंच बघतो, बातमीही तेवढीच येते आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो, पण इथे वाचलेल्या नेत्याच्या हातात नक्की काय उरलं होतं ते पुढचे पाच महिने संसदेतल्या प्रत्येक मतदानात उघडं दिसत होतं, मोजता येत होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मतपत्रिकेवरचा प्रश्न होता नेत्यावर विश्वास आहे का नाही. पण त्या २०० मधल्या बऱ्याच जणांनी उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं, आत्ता या आठवड्यात बाईंना काढणं परवडेल का. उत्तर आलं नाही परवडणार. बाई वाचल्या. विश्वासाचा प्रश्न तसाच राहिला आणि पुढे सगळा त्रास त्यानेच दिला.

मागचं थोडं

२३ जून २०१६ चं युरोपियन युनियन सोडायचं का यावरचं सार्वमत, सोडण्याच्या बाजूने ५२ विरुद्ध ४८ टक्के, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून गेले, पक्षात नेतेपदाची शर्यत लागली. शेवटच्या दोघींत मे आणि अँड्रिया लेडसम होत्या, आता पक्षाचे सदस्य मत देणार होते, तेवढ्यात लेडसम यांनी माघार घेतली आणि १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या. हे लक्षात ठेवायला हवं कारण पक्षाच्या साध्या सदस्याने मे यांना कधी मत दिलंच नव्हतं. त्या नेत्या होत्या त्या खासदारांच्या जोरावर, सदस्यांची शिदोरी पाठीशी नव्हती.

मग त्यांनी २०१७ मध्ये मुदतीआधी निवडणूक घेतली, बहुमत वाढवायला, आणि ८ जूनला होतं तेही घालवून बसल्या. ३१७ जागा आल्या. सरकार चाललं ते उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर, आणि त्यासाठी उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंडाचा जादा निधी द्यावा लागला. म्हणजे आपल्यातले आठ-दहा जण रुसले तरी सरकार पडेल अशी अवस्था, आणि काम काय तर युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं, म्हणजे ब्रेक्झिट, ज्यावर स्वतःच्याच पक्षात टोकाची दोन मतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी युरोपियन युनियनशी केलेला बाहेर पडण्याचा करार आणला, ५८५ पानांचा. त्यात भांडणाचं मूळ होतं बॅकस्टॉप. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा चौक्या येऊ नयेत यासाठीची ती तरतूद होती, दुसरा तोडगा निघेपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपच्या कस्टम्स व्यवस्थेत राहणार, आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. ब्रेक्झिटवाल्यांचं म्हणणं, हा पिंजरा आहे, आत गेलो की किल्ली दुसऱ्याकडे. डीयूपीचं म्हणणं, उत्तर आयर्लंडला वेगळे नियम लावून आम्हाला बाकीच्या देशापासून तोडताय. दोघांची भीती खरी होती असं मला वाटतं, आणि मे यांची अडचणही खरी होती, कारण चौक्या नकोत, कस्टम्स युनियन नको आणि उत्तर आयर्लंड वेगळं नको, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कुणालाच देता येत नव्हत्या.

१५ नोव्हेंबरला ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब आणि आणखी एक मंत्री एस्थर मॅक्वे यांनी राजीनामे दिले. त्याच दिवशी कट्टर ब्रेक्झिटवाले खासदार जेकब रीस-मॉग यांनी अविश्वासाचं पत्र ब्रेडी यांच्याकडे दिलं आणि संसदेबाहेर येऊन कॅमेऱ्यांसमोर सांगितलं.

पत्रांचा नियम नीट समजून घ्या

हुजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या खासदारांची संघटना म्हणजे १९२२ कमिटी. तिचे अध्यक्ष तेव्हा ब्रेडी. नेत्यावर विश्वास उरला नाही असं वाटणाऱ्या खासदाराने अध्यक्षांना पत्र द्यायचं. तेव्हाच्या नियमाने पक्षाच्या एकूण खासदारांपैकी १५ टक्क्यांची पत्रं आली की मतदान घ्यावंच लागायचं, त्या वेळी तो आकडा ४८ होता. किती पत्रं आलीत ते अध्यक्ष सोडून कुणाला माहीत नसतं, पत्र परत मागता येतं. मतदान गुप्त. साधं बहुमत. हरलेला नेता पुढच्या शर्यतीत उभा राहू शकत नाही, जिंकलेल्या नेत्याला १२ महिने हात लावता येत नाही.

हा नियम १९९८ मध्ये विल्यम हेग यांच्या काळात आला. त्याआधीची पद्धत वेगळी होती, नेत्याविरुद्ध कुणीतरी नावानिशी उभं राहावं लागायचं. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्यासमोर मायकल हेझल्टाइन असेच उभे राहिले, थॅचर यांना २०४ आणि त्यांना १५२ मतं पडली, म्हणजे थॅचर जिंकल्याच होत्या, पण नियमाला हवी होती तेवढी आघाडी ४ मतांनी कमी पडली आणि दोन दिवसांत त्या गेल्या. नव्या नियमात समोर कुणी उभंच राहत नाही. कागदावर एकच नाव, नेत्याचं.

वरवर बघितलं तर हे बंडखोरांच्या सोयीचं वाटतं, तोंड न दाखवता वार करता येतो. पण मला वाटतं यात नेत्याचा फायदा जास्त आहे. कारण समोरची जागा रिकामी असली की प्रत्येक खासदार त्या रिकाम्या जागेत आपल्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तो माणूस बसवतो. युरोपशी जवळीक हवी असलेल्या खासदाराला वाटतं मे गेल्या तर बोरिस जॉन्सन येतील. कट्टर ब्रेक्झिटवाल्याला वाटतं एखादा मवाळ येईल आणि ब्रेक्झिटच गुंडाळेल. दोघेही मे यांच्यावर नाराज, आणि दोघेही हात आखडता घेतात.

दुसरी गोष्ट त्या १२ महिन्यांची. कवच मिळतं म्हणजे उलट बाजूने बघा, बंडखोरांना वर्षात एकच डाव मिळतो. तो कधी टाकायचा यावर सगळं असतं. आणि इथेच त्यांनी घोळ घातला.

नोव्हेंबरमध्ये रोज बातमी यायची, आज ४८ होणार, उद्या होणार. झाली नाहीत. ब्रेक्झिटवाल्या गटाचं, ईआरजीचं, जाहीर हसं झालं. आकडा हातात नसताना आकड्याची दवंडी पिटणं ही अशा बंडातली सगळ्यात महागडी चूक, कारण कुंपणावरचे लोक त्याच क्षणी ठरवतात की यांच्यात काही दम नाही.

चोवीस तास

१० डिसेंबरला, सोमवारी, मे यांनी दुसऱ्या दिवशीचं करारावरचं मतदानच मागे घेतलं. मोठ्या फरकाने हरणार हे स्वतःच संसदेत कबूल करून. त्याआधी आठवडाभर त्यांचे मंत्री मतदान होणारच म्हणून सांगत होते. याने नुसते विरोधक नाही तर आपल्या बाजूचे लोकही दुखावले, कारण ज्यांनी टीव्हीवर जाऊन कराराची बाजू घेतली होती ते उघडे पडले.

मंगळवारी मे युरोपात धावल्या. सकाळी हेगमध्ये डच पंतप्रधान रुटे, दुपारी बर्लिन, संध्याकाळी ब्रसेल्स. बर्लिनला त्यांची गाडी चॅन्सलरीच्या दारात थांबली, अँगेला मर्केल स्वागताला बाहेर येऊन उभ्या, आणि गाडीचं दारच उघडेना. काही सेकंद त्या आत अडकून, बाहेरचे लोक हँडल ओढतायत. तो व्हिडिओ जगभर फिरला, लोक हसले. मला मात्र तो बघताना वाईट वाटलं होतं, एक बाई दिवसभरात तीन देश फिरून दोन ओळींचं आश्वासन मागतेय आणि घरी तिच्यामागे पत्रं जमा होतायत.

कारण त्याच दिवशी ४८ चा आकडा गाठला गेला होता. रात्री मे परतल्यावर ब्रेडी यांनी त्यांना फोन करून सांगितलं. आणि मे यांचं म्हणणं होतं, मतदान शक्य तितक्या लवकर घ्या.

या निर्णयाकडे बारकाईने बघायला हवं. बुधवारी सकाळी आठच्या आत ब्रेडी यांचं पत्रक आलं, त्याच संध्याकाळी सहा ते आठ मतदान, नऊला निकाल. मधे वीकेंड नाही, मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांचे फोन नाहीत, बंडखोरांना एक नाव पुढे आणायला वेळ नाही. झटपट मतदान नेहमी खुर्चीवर बसलेल्याला फायद्याचं ठरेल असं नाही, २००३ मध्ये पक्षाचे तेव्हाचे नेते इयान डंकन स्मिथ यांच्या वेळीही पत्रं पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मतदान झालं आणि ते ९० विरुद्ध ७५ ने हरले. पण त्यांचा पक्ष विरोधात होता, नेता बदलल्याने सरकार अडकणार नव्हतं. मे यांच्या मागे घड्याळ होतं. २९ मार्च २०१९ ही बाहेर पडायची तारीख कायद्यात लिहिलेली.

आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास दारात उभं राहून त्यांनी नेमकं हेच घड्याळ दाखवलं. नवा नेता २१ जानेवारीच्या कायदेशीर मुदतीपर्यंत येणार नाही, त्यामुळे ब्रेक्झिटची सूत्रं संसदेतल्या विरोधकांच्या हातात जातील, बाहेर पडणं लांबेल किंवा रद्दच होईल, असा त्यांचा मुद्दा. त्या दिवशीची डब्लिनची भेट रद्द केली, दुपारी पंतप्रधानांचा प्रश्नोत्तरांचा तास मात्र नेहमीसारखा पार पाडला. माझ्यावर प्रेम करा असं त्या कुठेच म्हणाल्या नाहीत, माझ्याशिवाय काय होईल ते बघा एवढंच. त्यांच्या बाजूने तो सगळ्यात खरा आणि सगळ्यात मजबूत मुद्दा होता.

पक्षाच्या व्यवस्थापनानेही काही शिल्लक ठेवलं नाही. गैरवर्तनाच्या आरोपांवरून दोन खासदारांचा व्हिप काढून घेतलेला होता, म्हणजे ते खासदार होते पण पक्षाच्या संसदीय गटाबाहेर, त्यामुळे त्यांना या मतदानात मत नव्हतं. त्या दोघांचा व्हिप नेमका त्याच दिवशी परत केला. ३१५ चे ३१७ झाले. दोन मतांसाठी. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तक्रार करणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार कुणी केला असेल असं दिसत नाही. शेवटी फरक ८३ चा पडला, त्या दोन मतांची गरजही नव्हती.

संध्याकाळी पाचचं वाक्य

मतदान सुरू व्हायच्या तासभर आधी, पाच वाजता, मे १९२२ कमिटीसमोर बोलल्या. तिथे त्यांनी सांगितलं की २०२२ ला ठरलेल्या निवडणुकीत आपण पक्षाचं नेतृत्व करणार नाही.

माझ्या मते या एका वाक्याने त्या वाचल्या आणि याच वाक्याने पुढे संपल्या. वाचल्या कशा, तर २०१७ ची निवडणूक ज्या खासदारांच्या अंगावर काट्यासारखी होती, घरोघरी फिरताना लोकांचा प्रतिसाद ज्यांनी बघितला होता, त्यांची खरी भीती ब्रेक्झिटची नव्हतीच, पुन्हा याच बाईंच्या मागे निवडणूक लढवावी लागेल याची होती. ती भीती त्यांनी एका फटक्यात काढून टाकली. आता हे लोक निवांतपणे बाजूने मत देऊ शकत होते. पण नेता मी जाणार आहे असं म्हणाला की मंत्रिमंडळातला प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणूस त्या दिवसापासून त्याच्यानंतरच्या दिवसांसाठी काम करायला लागतो. नेत्याची ताकद असते ती उद्या बढती देईन किंवा काढून टाकीन यात. उद्याच विकून टाकला तर हातात काय राहणार?

दुसरा मार्ग होता का? मला नाही वाटत. ते वाक्य नसतं तर ११७ चे किती झाले असते कोण जाणे. प्रामाणिक होतं, गरजेचं होतं, आणि अतिशय महाग होतं, तिन्ही एकाच वेळी.

११७ म्हणजे किती

६३ टक्के विरुद्ध ३७ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण या २०० मध्ये मंत्री, राज्यमंत्री, मंत्र्यांचे संसदीय सचिव आणि इतर पदांवर नेमलेले असे शंभराहून कितीतरी जास्त लोक होते, ज्याला तिकडे पेरोल व्होट म्हणतात. मतदान गुप्त असल्याने त्यातल्या सगळ्यांनी बाजूनेच मत दिलं असं धरता येत नाही, तरी बहुतेकांनी दिलं असणार. म्हणजे ज्यांच्याकडे गमावण्यासारखं पद नव्हतं त्या बॅकबेंचर्समध्ये बहुसंख्य विरोधात होते. रीस-मॉग यांनी त्याच रात्री हा हिशोब मांडून मे यांनी राजीनामा द्यावा असं म्हटलं. हिशोब बरोबर होता. मागणी चुकीची होती, नियम तुम्हीच वापरला, हरलात, मग निकाल मानायला हवा.

आणि सरकारची स्थिती आठवा, डीयूपीचे १० जण जमेस धरले तरच बहुमत. त्या सरकारच्या मागच्या बाकांवर ११७ लोक बसलेत ज्यांनी लेखी सांगितलंय की आमचा या नेत्यावर विश्वास नाही, फक्त नाव लिहिलेलं नाही. १९९५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी स्वतःहून पक्षनेतेपद सोडून पुन्हा लढवलं होतं, २१८ विरुद्ध ८९ ने जिंकले, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत खुर्चीवर राहिले, पण पक्ष काही त्यांच्या हातात पुन्हा आला नाही. मे यांचा आकडा मेजर यांच्याहून वाईट होता आणि समोरचं काम त्यांच्याहून अवघड.

जानेवारी ते मार्च, आकडे बघत चला

१५ जानेवारी २०१९ ला करार अखेर मतदानाला आला. ४३२ विरुद्ध २०२. फरक २३०, सरकारचा आधुनिक काळातला सगळ्यात मोठा पराभव. हुजूर पक्षाचे किती खासदार विरोधात गेले? ११८.

डिसेंबरमध्ये ११७, जानेवारीत ११८. माणसं तीच होती असं म्हणता येत नाही, एक मतदान गुप्त आणि एक उघड, आणि ११८ मध्ये दुसरं सार्वमत मागणारेही काही होते. पण आकार बघा. पाच आठवड्यांपूर्वी नेत्याबद्दल गुप्तपणे जे सांगितलं होतं तेवढंच आता कराराबद्दल उघडपणे सांगितलं गेलं. मधल्या काळात एकही माणूस वळवता आला नव्हता. विश्वासमत जिंकून मे यांना कराराच्या बाजूने एक मतही मिळालं नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा.

आता दुसऱ्या दिवशीचं बघा. १६ जानेवारी, मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन यांचा सरकारवर अविश्वास ठराव. ३२५ विरुद्ध ३०६ ने सरकार वाचलं. आदल्या संध्याकाळी ज्यांनी करार बुडवला ते सगळे हुजूर खासदार आणि डीयूपी सरकारच्या बाजूने उभे. त्यांना सरकार हवं होतं, त्या सरकारचं एकमेव महत्त्वाचं काम नको होतं. मे यांच्या हातात काय उरलं होतं ते या चोवीस तासांत कळतं, खुर्ची होती, खुर्चीतून काही करून दाखवायची सोय नव्हती.

आणि बंडखोरांची चूकही इथेच दिसते. त्यांनी डिसेंबर सोडून १६ जानेवारीला पत्रं दिली असती तर? २३० चा पराभव ताजा, घड्याळाचा मुद्दा बोथट झालेला, करार मेलाय हे उघड. माझा अंदाज आहे की निकाल उलटा लागला असता. पण डाव पाच आठवडे आधी टाकून झाला होता, आता डिसेंबर २०१९ पर्यंत नियमाने हात बांधलेले. रागाच्या भरात पत्रं दिली गेली, हिशोबाने नाही.

१२ मार्चला करार पुन्हा. मे यांचा घसा बसलेला, बोलताना आवाज फुटत नव्हता. ३९१ विरुद्ध २४२, हुजूर बंडखोर ७५. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, कराराशिवाय बाहेर पडायचं नाही या ठरावावर सरकारने विरोधात मत द्यायचा सक्त व्हिप काढला आणि मंत्रिमंडळातल्या चौघांनी, अँबर रड, ग्रेग क्लार्क, डेव्हिड गॉक आणि डेव्हिड मंडेल यांनी, तो न जुमानता मतच दिलं नाही. एरवी तिकडे असा मंत्री रात्री मंत्री म्हणून झोपत नाही. चौघांपैकी कुणालाही काढलं गेलं नाही. कारण काढायची ताकद उरली नव्हती, आणि हे त्या चौघांना माहीत होतं. संध्याकाळी पाचच्या त्या वाक्याचं बिल असं वसूल होत होतं.

मग २७ मार्च. मे पुन्हा १९२२ कमिटीसमोर. या वेळी म्हणाल्या, करार मंजूर करा, मी जाते, पुढच्या टप्प्याच्या वाटाघाटी दुसऱ्या कुणी कराव्यात. डिसेंबरमध्ये खुर्ची राखायला भविष्य दिलं होतं, आता कराराला खुर्चीच देऊ केली. आणि कमाल म्हणजे ते चाललं, काही प्रमाणात. जॉन्सन, रीस-मॉग, राब, तिघांनी २९ मार्चला करारासाठी मत दिलं. तोच करार, तीच बॅकस्टॉप, एक शब्द बदलला नव्हता. ३४४ विरुद्ध २८६. बंडखोर ११८ वरून ७५ आणि ७५ वरून ३४ वर. उरलेल्या ३४ मध्ये २८ कट्टर ब्रेक्झिटवाले होते, त्यांना कशानेच हलवता आलं नाही, आणि ६ जण दुसऱ्या टोकाचे.

११८ मधले सगळे तत्त्वासाठी उभे होते असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हा आकडा दाखवतो. बाई जाणार म्हटल्यावर ज्यांचं मत बदललं त्यांची हरकत बॅकस्टॉपला किती होती आणि बाईंना किती? तेव्हा मी त्या २८ जणांशी अजिबात सहमत नाही, पण त्यांच्याबद्दल मला जास्त आदर वाटतो.

कवच कसं गळालं

एप्रिलमध्ये मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबली, म्हणजे बाहेर पडायला निघालेल्या देशाला युरोपियन संसदेची निवडणूक लढवावी लागणार. २ मे च्या स्थानिक निवडणुकांत पक्षाने १,३०० हून जास्त जागा गमावल्या. खासदारांपेक्षा कार्यकर्ते जास्त खवळले होते, सत्तरहून अधिक मतदारसंघ शाखांच्या अध्यक्षांनी मागणी केल्यामुळे जूनमध्ये पक्षाची खास सभा ठरली.

१२ महिन्यांचं कवच अजून शाबूत होतं, नियमाच्या कागदावर. पण तो नियम कुठल्या कायद्यात नव्हता, १९२२ कमिटीचा स्वतःचा होता, आणि ज्यांनी नियम केला ते तो बदलू शकतात. एप्रिलमध्ये कमिटीच्या कार्यकारिणीने बदलायला नकार दिला, थोडक्या फरकाने. १६ मे ला कार्यकारिणी मे यांना भेटली, जूनच्या सुरुवातीच्या मतदानानंतर जायचं वेळापत्रक ठरवू असं ठरलं. २१ मे ला मे यांनी करार नव्या सवलतींसह, दुसऱ्या सार्वमतावर मतदानाची सोय धरून, मांडला आणि होते तेवढे लोकही उठले. २२ मे ला लेडसम यांनी मंत्रिपद सोडलं, २०१६ मध्ये ज्यांच्या माघारीने मे पंतप्रधान झाल्या त्याच लेडसम. आणि त्याच संध्याकाळी कार्यकारिणीने नियम बदलायचा की नाही यावर गुप्त मतदान घेतलं, मतं बंद पाकिटात ठेवली, न मोजता. शुक्रवारी ब्रेडी भेटायला जाणार, तारीख मिळाली नाही तर पाकिटं उघडायची.

नियम बदलावाच लागला नाही. बदलता येतो एवढं दाखवणं पुरलं. २४ मे ला सकाळी ब्रेडी भेटले आणि मे यांनी ७ जून ही तारीख दिली. दोन दिवसांनी युरोपियन निवडणुकीचा निकाल लागला, पक्षाला ९ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४ जागा.

मे यांच्या स्वभावावर खूप लिहिलं गेलंय, ताठ, एककल्ली, कुणाशी मोकळं न बोलणाऱ्या वगैरे. ते थोडंफार खरं असेल. पण १२ डिसेंबरच्या रात्री दुसरा कुणी असता तरी त्या २०० मतांतून वेगळं काही काढू शकला असता असं मला वाटत नाही, कारण मत मागताना कामाबद्दल काही मागितलंच नव्हतं. त्या रात्री दहाच्या सुमारास त्या बाहेर येऊन म्हणाल्या की बऱ्याच सहकाऱ्यांनी विरोधात मत दिलं, ते मी ऐकलंय, आणि मग त्याच कराराच्या मागे पुन्हा लागल्या. ऐकलं होतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधी पक्षाशी बोलणं सुरू करायला हवं होतं. मजूर पक्षाशी गंभीरपणे बोलणं सुरू झालं एप्रिलमध्ये, सगळ्या वाटा बंद झाल्यावर.

जुलैमध्ये पक्षाच्या सदस्यांनी ९२,१५३ विरुद्ध ४६,६५६ मतांनी बोरिस जॉन्सन यांना निवडलं. पत्रांचा नियम, १५ टक्के, वर्षाचं कवच, सगळं होतं तसंच ठेवलं गेलं. ६ जून २०२२ च्या रात्री तेच ग्रॅहम ब्रेडी पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी जॉन्सन यांचे आकडे वाचले, २११ आणि १४८. जॉन्सन यांनी निकाल अगदी निर्णायक असल्याचं सांगितलं. ७ जुलैला त्यांनी राजीनामा जाहीर केला, ३१ दिवसांनी.